हस्तक्षेप न करण्याची मेहनत
(द्राक्ष आणि वाइन : लेखांक सहावा)

गेल्या लेखांकात वाइन टिकविण्यासाठी होणारा गंधकाचा वापर आपण पाहिला. तो वापर ज्यांनी जवळजवळ बंद केला, त्या तांबड्या नैसर्गिक वाइनच्या कारागिरांकडे आज वळावयाचे आहे. रसायनशास्त्राला विटलेल्या भाबड्या मंडळींनी हा पंथ काढला, अशी एक समजूत आढळते. परंतु फ्रान्सच्या बोजोले प्रांतात ज्यांनी त्याचा पाया घातला ते ज्यूल शोव्हे (१९०७–१९८९) स्वतः रसायनज्ञ होते, आणि निरोगी द्राक्षांबरोबर मळ्यातून व तळघरातून आपोआप येणारे यीस्ट आंबवणीला पुरेसे असते, पाकिटातले यीस्ट ओतण्यासाठी आधी गंधकाने त्याचा निःपात करण्याचे कारण नाही, हा त्यांचा सिद्धान्त प्रयोगशाळेतल्या दीर्घ निरीक्षणातून निघालेला होता.

मोर्गों परिसरातील मार्सेल लापिएर यांनी हा सिद्धान्त आपल्या वडिलोपार्जित मळ्यात अमलात आणला. गामे जातीचे घड देठासकट, न चिरडता टाकीत भरावयाचे. तळचे घड वरच्या भाराने फुटून त्यांचा रस आंबू लागला की निघणारा कार्बन डायऑक्साइड टाकी व्यापून टाकतो, आणि प्राणवायूवाचून कोंडलेला अखंड मणी आपल्याच विकरांच्या बळावर आतल्या आत थोड्या साखरेचे मद्यार्कात रूपांतर करू लागतो. अशा वाइनला तुरटपणा कमी, रंग उजळ आणि ताज्या फळाचा सुवास भरपूर. मात्र गंधकाचा पहारा उठविलेला असल्यामुळे कुजक्या मण्यांबरोबर आलेले जिवाणू सगळ्या टाकीचा शिरका करू शकतात. म्हणून घड हाताने तोडून, एकेक पारखून घ्यावे लागतात. टाकीत जे करावयाचे नाही, त्याच्या दुप्पट मळ्यात करावे लागते.

कायद्याच्या दप्तरात या पंथाची नोंद उशिरा झाली. युरोपीय संघात तांबड्या कोरड्या वाइनमध्ये एका लिटरला १५० मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट चालते. सेंद्रिय वाइनसाठी ही मर्यादा २०१२ सालच्या नियमांनी १०० वर आणली. आणि फ्रान्समध्ये २०२० साली मान्यता मिळालेल्या ‘व्हॅं मेथोद नात्यूर’ या सनदेनुसार ती ३० वर येते, शिवाय हाताची तोडणी व निसर्गतः आलेले यीस्ट या अटी आहेतच. शून्य मात्र सहसा कोणी लिहू नये, कारण यीस्ट स्वतःच थोडेसे सल्फाइट निर्माण करते.

सेंद्रिय या शिक्क्याने फवारणी थांबली, असे मानणाऱ्यांनी नाशिककडे पाहावे. केवडा आणि भुरी या रोगांची नावे निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला पाठ असतात. गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, झाल्यावर परतीचा पाऊस लांबला, कोवळ्या फुटीवर पाणी साचले आणि पानावर तेलकट डाग दिसू लागले, की मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण घेऊन तो बागेत उतरतो. हे मिश्रण बोर्दोच्या मिलार्दे यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केले, आणि गंमत अशी की सेंद्रिय शेतीच्या नियमांना ते आजही मान्य आहे. फक्त तांबे जमिनीत साठून राहते म्हणून युरोपने सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची कमाल मर्यादा घातली आहे. माझ्या मते ही सवलत तर्काला धरून नाही, पण तिच्यावाचून ओल्या हवेतला द्राक्षमळा उभाही राहणार नाही, हेही तितकेच खरे.

नाशिकची दुसरी अडचण उन्हाची. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपतच नाही. एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी अशा दोन छाटण्यांवर पीक निघते आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे उष्मा चढत असताना येते. गरम रसात आंबवणी बेफाम सुटते. तेव्हा तेथील वायनरीला थंडावलेल्या पोलादी टाक्या, म्हणजे हस्तक्षेपच, अपरिहार्य ठरतात. २००१ च्या द्राक्ष-प्रक्रिया धोरणाने महाराष्ट्राने वाइनला अबकारी करात सवलती दिल्या, त्या जोरावर शिराझ, कॅबर्ने यांच्या लागवडी वाढल्या. पण सरकारी धोरणाने हवामान बदलत नाही.

इतर पंथीयांचा परामर्श थोडक्यात घेतो. रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४ च्या व्याख्यानांतून निघालेली बायोडायनॅमिक पद्धती गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर पुरावयास सांगते. शेण-गोमूत्राच्या जीवामृताचे पिंप पाहिलेल्या मराठी वाचकाला त्याचे फारसे नवल वाटू नये. जॉर्जियात जमिनीत पुरलेल्या ‘क्वेव्ह्री’ रांजणांत सापेरावी द्राक्षाची गर्द तांबडी वाइन होते. ती परंपरा युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. या मंडळींपैकी कित्येकांच्या बाटलीतून तबेल्याचा वास येतो, तो ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टचा. त्यालाच मातीचा गुण म्हणून मिरविणाऱ्यांशी माझे जमत नाही.

आता अशी नैसर्गिक वाइनची बाटली सिंगापूरमधल्या जुरोंग ईस्टला येते तेव्हा काय होते ते पाहू. येथे बारमाही ३१–३२ अंशांची दुपार असते. गंधक नाही, गाळणी नाही, तळाशी जिवंत यीस्ट आहे, अशी बाटली इतक्या उष्म्यात पुन्हा आंबू शकते. त्यामुळे जहाजावर थंड कंटेनर आणि दुकानात थंड खोली लागते. कारागिराने न केलेला हस्तक्षेप असा वाहतूकदाराच्या आणि दुकानदाराच्या अंगावर पडतो आणि किमतीत दिसतो. अबकारी कर मात्र किमतीवर नसून मद्यार्कावर आहे, शुद्ध मद्यार्काच्या एका लिटरला ८८ सिंगापुरी डॉलर. म्हणजे १३ टक्क्यांच्या पाऊण लिटरी बाटलीवर ८ डॉलर ५८ सेंट, मग ती लापिएर यांची असो की कारखान्यातली. शिवाय वर ९ टक्के जीएसटी.

तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा युरोपी नियम येथे सरळ गुंडाळून ठेवावा. बाटली घरच्या फ्रिजमध्ये उभी ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. पाव तास आधी काढावी, आणि उघडल्यावर जिभेला वायूची टोचणी लागली तर सुरईत ओतून चार वेळा घुसळावे, ती निघून जाते. गाळ पिण्यास अपाय नाही, फक्त चव कडसर होते. उरलेली वाइन त्याच दिवशी संपवावी हे बरे. दुसऱ्या दिवसाची शाश्वती या बाटल्यांना नसते.

पुढील लेखांकात पांढऱ्या द्राक्षांची साल रसात ठेवून होणारी नारिंगी वाइन.