वेग वाढवला आणि घोडं अडलं

२०२४ चा मे महिना. अकोल्याचं ऊन म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. दुपारी कूलरसमोर बसून बचत गटाची वही तपासत होते, तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, "गेलं! सगळं गेलं!"

धावतच गेले. बघते तर काय, चिरंजीव डोक्याला हात लावून कॉम्प्युटरसमोर बसलेले आणि स्क्रीनवरची गाडी धक्के खात चाललेली. अगदी आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यावरच्या एसटीसारखी!

"आई, स्पीड वाढवला होता गं. तर गेम उलट स्लो झाला."

खरं सांगते, आधी मला बरंच वाटलं. अकरावीचे मार्क घसरले ते या खेळापायीच, असं माझं ठाम मत होतं. ह्यांचं तर एकच पालुपद, "ते खोकं विकून टाका." पण पोराचा चेहरा बघवेना. दोन वर्षं वाढदिवसाचे, दिवाळीचे पैसे साठवून त्यानं ते जुन्यातलं मशीन घेतलं होतं. दुकानात दाखवलं तर तिथला माणूस झाकण न उघडताच म्हणाला, "प्रोसेसर गेला, नवीन टाका." म्हणजे पुन्हा हजारोंचा खर्च! मी म्हटलं, "थांब. आधी काय केलंस ते मला समजेल असं सांग."

त्यानं सांगितलं ते असं. प्रोसेसर हा कॉम्प्युटरचा मेंदू. कंपनीनं त्याला एक वेग ठरवून दिलेला असतो. तो त्याहून जास्त पळवायचा, याला म्हणतात ओव्हरक्लॉकिंग. याचा प्रोसेसर इंटेलचा, आय-फाइव्ह ९६००के. नावातल्या त्या 'के'चा अर्थच असा, की याचा वेग मालकाला वाढवता येतो. मूळ ठोका १०० मेगाहर्ट्‌झचा आणि त्याला गुणायचा एक आकडा. सगळे भाग एकदम कामाला लागले की तो आकडा असतो ४३, म्हणजे ४.३ गिगाहर्ट्‌झ. चिरंजीवांनी केला ४८! आणि एवढं पळायला ताकद हवी म्हणून व्होल्टेज १.२ वरून १.४ वर नेलं.

गोम इथेच आहे. वेग वाढतो तेवढ्याच पटीत उष्णता वाढते, पण व्होल्टेज वाढवलं की ती वर्गाच्या पटीत वाढते. आम्ही दोघांनी कागदावर हिशेब मांडला. वेग वाढला शेकडा बाराच्या आसपास, उष्णता मात्र दीडपट!

आपल्या मिक्सरचं आठवा. वाटण फार वेळ फिरवलं की तो गपकन बंद पडतो आणि खालचं लाल बटण दाबावं लागतं. मोटर जळू नये म्हणून केलेली ती सोय. प्रोसेसरमध्येही तशीच सोय असते. फरक इतकाच, की तो लगेच बंद पडत नाही, आधी आपणहून हळू चालायला लागतो. याच्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस. तिथं पोचला की वेग कमी करतो, जरा निवला की पुन्हा पळतो, पुन्हा तापतो. म्हणून ते धक्के!

पण हे आधी अंदाजानंच. खात्री कशी करायची? मी म्हटलं, "भाजी खारट झाली तर मीठ, पाणी, बटाटा सगळं एकदम टाकत नाही आपण. एका वेळी एकच बदल करायचा आणि चव बघायची." मग एक वही घेतली.

पहिली पायरी म्हणजे सगळं होतं तसं करणं. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू दाबलं की बायोसचा पडदा उघडतो. तिथं मूळ सेटिंगवर परत जायची सोय असते. (मशीन सुरूच होत नसेल तर वायर काढून आतला नाण्याएवढा सेल थोडा वेळ बाहेर ठेवला की बहुतेक मशीनमध्ये सेटिंग मूळपदावर येतं.) मग तोच गेम, तोच रस्ता, दहा मिनिटं. दर सेकंदाला किती चित्रं दिसतात ते लिहायचं. शेजारी एचडब्ल्यू-इन्फो नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम चालू ठेवायचा. तो तापमान आणि वेग दोन्ही दाखवतो.

मूळ वेगावर तापमान ९१, चित्रं ७०. वाढवलेल्या वेगावर तीन मिनिटांत १०० अंश, वेग ४.८ वरून ३.६ वर आपटला आणि चित्रं ४८! चोर सापडला.

पण मूळ वेगावरही ९१ म्हणजे जास्तच. तेव्हा झाकण उघडलं. मैत्रिणींनो, आत जे दिसलं ते आपल्या माळ्यावरही नसेल! पंख्याखाली धुळीची गादी झालेली. शिवाय पंख्याच्या चार खुंट्यांपैकी एक नीट बसलेलीच नव्हती. वायर काढून, पंख्याची पाती बोटानं धरून, मऊ ब्रशनं धूळ काढली. प्रोसेसर आणि पंख्याचा धातू यांच्यामध्ये उष्णता पुढे नेणारी एक पेस्ट असते, ती वाळून खडखडीत झाली होती. जुनी पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी लावली. खर्च अडीचशे रुपये.

आता मूळ वेगावर ७४ अंश आणि चित्रंही ७०. मग एकेक पायरी चढत, व्होल्टेज बेताचंच ठेवून ४.५ पर्यंत नेला. ८२ अंश, चित्रं ७३.

"फक्त तीनच वाढली?" मी विचारलं.

तर म्हणे ग्राफिक्स कार्ड आधीच पूर्ण कामात होतं. प्रोसेसर काम तयार करून देतो, कार्ड त्याची चित्रं काढतं. मला लगेच पटलं. लाटणारी कितीही झपाझप लाटू दे, तवा एकच असेल तर पोळ्या तेवढ्याच होणार! तेव्हा वेग वाढवण्याआधी अडलंय कुठं ते पाहावं. तीन चित्रांसाठी ऐन उन्हाळ्यात आठ अंश कशाला, म्हणून त्यानं स्वतःच आकडा पुन्हा ४३ वर आणला.

त्या रात्री वही मिटताना मात्र माझं मलाच काहीतरी टोचलं. दिवाळीनंतर मी याला तिसरा क्लास लावला होता. पहाटे सहाला घराबाहेर, रात्री नऊला परत. पुस्तकावर डोकं टेकवून झोपायचा, तर मी म्हणायचे, "लक्षच नाही तुझं." मार्क घसरले तसा दोष खेळाला दिला. झाकण उघडून बघितलंच नाही. त्या दुकानदारात आणि माझ्यात फरक तो काय?

सकाळी त्याला म्हटलं, "तिसरा क्लास बंद करू या." त्याचा चेहरा असा काही खुलला! मी घाईनं पुढं म्हटलं, "पण मग गेमही बंद हं, बारावी आहे."

"आई," चिरंजीव शांतपणे म्हणाले, "एका वेळी एकच बदल."

काय बोलणार? वही माझ्याच अक्षरात होती!