मुखपट्टीआडचे शब्द

ऐकू कमी येणारी प्रौढ माणसे बोलणाऱ्याच्या ओठांवरूनही शब्द टिपतात. २०२०मध्ये करोनाने हा आधार हिरावला. साधी मुखपट्टी २००० ते ७००० हर्ट्झमधला आवाज ३-४ डेसिबलनी, तर एन-९५ सुमारे १२ डेसिबलनी मंद करते. वाढत्या वयात आधी क्षीण होते ते उंच पट्टीतलेच ऐकणे, आणि ‘स’, ‘श’ ओळखू येतात तेही तिथेच. म्हणून ‘साठ’ की ‘आठ’ हा घोळ औषधाच्या मात्रेपर्यंत पोहोचू शकतो. त्यात नातेवाइकांना वॉर्डबाहेर थांबावे लागे. फोनवरच्या सल्ल्यात चेहराच नसे. ओरडल्याने आवाज वाढतो, स्पष्टता वाढत नाही. सावकाश बोलणे, मात्रा कागदावर लिहून देणे, ओठ दिसतील अशी पारदर्शक मुखपट्टी, हे उपाय साधेच होते. उपचाराला रुग्णाची संमती लागते. न ऐकलेल्या प्रश्नावर हललेल्या मानेला मी संमती मानत नाही.