विहिरीत माणूस उतरविताना : दोर, घर्षण आणि उतरणीची साधने

बीड जिल्ह्याचा मोठा भाग बालाघाटच्या डोंगररांगेवर व तिच्या उतारावर वसलेला आहे. उत्तरेकडील गोदाकाठची काळी जमीन सोडली, तर पुष्कळ ठिकाणी वर थोडी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण अशीच रचना आढळते. पाण्यासाठी या पाषाणात खोल जावे लागते, आणि विहीर एकदा खोदून झाली म्हणजे तिच्यात उतरण्याचे काम संपले असे होत नाही. दर उन्हाळ्यात गाळ काढावयाचा असतो, फूटव्हॉल्व्ह मोकळा करावयाचा असतो, आडवे बोअर घ्यावयाचे असते. क्वचित पडलेले जनावर किंवा माणूस वर काढण्याचा प्रसंग येतो. जुन्या काळच्या बारवा बांधणाऱ्यांनी ही गरज ओळखून पायऱ्यांची सोय केली होती. आजच्या कड्यांच्या उभ्या विहिरीत ती राहिलेली नाही.

त्यामुळे माणसे मिळेल त्या आधाराने उतरतात. कोणी मोटारीच्या पाइपला धरून, कोणी कठड्याला बांधलेल्या दोरावर हात सरकवीत, कोणी गाळ काढण्याच्या क्रेनच्या बादलीत उभे राहून. या तिन्ही पद्धती धोक्याच्या आहेत. पाइप ओला व शेवाळलेला असतो. क्रेनची तार व बादली दगड-मुरूम उचलण्यासाठी असतात, माणसासाठी नव्हे. आणि दोरावर नुसत्या हातांनी उतरणाऱ्याचे सारे वजन त्याच्या मुठीवर येते. मूठ थकली की दुसरा आधार उरत नाही.

माणसाचे वजन हाताच्या ताकदीने पेलावयाचे नसून दोराच्या घर्षणाने पेलावयाचे असते, हे तत्त्व आपल्या शेतकऱ्यांस नवीन नाही. उधळलेला बैल दहा वर्षांच्या पोरालाही आवरता येतो, मात्र त्यासाठी त्याने कासऱ्याचे दोन वेढे बाभळीच्या बुंध्याला घातलेले असले पाहिजेत. बैलाची ओढ झाडावर जाते, पोराच्या हातात थोडीच येते. हिशेबाने पाहू गेल्यास, दोर व लाकूड यांच्यातील घर्षणांक एक चतुर्थांश धरला, तर एका पूर्ण वेढ्याने ओढ सुमारे पाचव्या हिश्श्यावर आणि दोन वेढ्यांनी सुमारे तेविसाव्या हिश्श्यावर येते. म्हणजे ८० किलो वजनाचा मनुष्य दोन वेढ्यांवर साडेतीन किलोच्या ओढीने तोलता येतो. उतरणीची जी साधने बाजारात मिळतात, त्यांना डिसेंडर असे नाव आहे. ती सारी या बाभळीच्या बुंध्याचीच सुधारलेली रूपे होत.

त्यांपैकी सर्वांत साधे साधन म्हणजे आठाच्या आकड्यासारखी धातूची कडी. हिच्यात हलणारा भाग नाही, ती स्वस्त आहे व शिकण्यास सोपी आहे. परंतु हिचे दोन दोष ध्यानात ठेवावेत. एक तर दोराला पीळ पडतो. दुसरा दोष अधिक गंभीर आहे : धरणाऱ्याचा हात सुटला की कडी थांबत नाही, दोर सळसळत निघून जातो. दुसरा प्रकार रॅकचा. यात एका लांबट वाकविलेल्या सळईवर आडव्या पट्ट्या बसविलेल्या असतात. पट्ट्या कमी-अधिक करून घर्षण बदलता येते. फार खोल उतरणीस, विशेषतः गुहा व दऱ्यांत, तो चांगला. आपल्या विहिरींना त्याची गरज सहसा पडत नाही. तिसरा प्रकार स्वयंरोधक साधनांचा. यात मूठ दाबून किंवा ओढून ठेवली तरच दोर सरकतो, मूठ सोडली की आतील कॅम दोर आवळून धरतो. काही साधने घाबरून मूठ जोराने ओढली तरीही थांबतात. हा शेवटचा गुण नवख्यांच्या दृष्टीने फार मोलाचा आहे, कारण घाबरलेला मनुष्य हातात जे असेल ते सोडण्याऐवजी आवळतो, हा सर्वांचा अनुभव आहे.

ग्रामपंचायतीने किंवा गटाने साधन घ्यावयाचे ठरविल्यास स्वयंरोधकच घ्यावे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. घेताना त्यावर तीन गोष्टी कोरलेल्या आहेत की नाहीत ते पाहावे : किती मिलिमीटर जाडीचा दोर चालतो, किती किलोपर्यंत वजन चालते, आणि दोराची कोणती बाजू आधाराकडे जाते. जाडी न जुळल्यास उत्तम साधनही दोर धरीत नाही.

आता साधन कोठे लावावे हा प्रश्न. डोंगरकड्यावर किंवा उंच इमारतीवर काम करणारे कुशल कामगार साधन आपल्या कमरेच्या पट्ट्याला लावतात व स्वतःच स्वतःला सोडीत खाली जातात. विहिरीसाठी ही पद्धत गावात वापरू नये. विहिरीत उतरणारा मनुष्य तळाशी पोहोचण्यापूर्वीच बेशुद्ध होऊ शकतो. तसे झाले म्हणजे साधन त्याच्याजवळ, तो अधांतरी, आणि वरचे लोक हतबल, अशी स्थिती होते. म्हणून साधन वर, भक्कम आधाराला बांधावे. उतरणारा दोराच्या टोकाला असावा. आणि त्याला सोडणे, थांबविणे व ओढून घेणे या तिन्ही गोष्टी काठावरील माणसांच्या हाती असाव्यात.

हे सांगण्यास कारण आहे. शेजारच्या, त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातील वाकडी येथे एप्रिल २०२४ मध्ये शेणाची स्लरी साठविलेल्या जुन्या विहिरीत एक मांजर पडले. त्यास वाचविण्यासाठी एकामागून एक माणसे आत गेली व पाचजण दगावले. जो एकजण कमरेला दोर बांधून उतरला होता, तेवढाच जिवंत बाहेर काढता आला. त्यापूर्वी १ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याणच्या नेतिवली भागात एका विहिरीत असेच पाचजण गेले. त्यांत अग्निशमन दलाचे दोन जवान होते. पहिल्याला वाचविण्यास दुसरा, दुसऱ्याला वाचविण्यास तिसरा, ही साखळी काठावर उभ्या असलेल्यांनीच तोडावयाची असते.

या दोन्ही ठिकाणी माणसे विषारी वायूने गेली. कर्बद्विप्राणिद वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्याने तळाशी साचतो. शेण, पाला, सांडपाणी कुजत असेल तेथे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, म्हणून वास थांबला याचा अर्थ वायू गेला असा घेऊ नये. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालविल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो व त्याला वास मुळीच नसतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायू फार कमी झाला आहे एवढेच सांगते. विषारी वायू ती ओळखीत नाही, आणि मिथेन असल्यास ज्योतीने भडका उडू शकतो. खरी परीक्षा चार वायू मोजणाऱ्या यंत्राचीच. ते दोरीला बांधून वर, मध्ये व तळाशी असे तीन ठिकाणी सोडावे. नेहमीच्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो, तो १९.५ च्या खाली दिसल्यास किंवा यंत्राने इतर वायूंबद्दल इशारा दिल्यास कोणासही उतरू देऊ नये. ब्लोअरची नळी तळापर्यंत सोडून हवा खेळवावी व पुन्हा मोजावे. काम चालू असेतो यंत्र उतरणाऱ्याच्या अंगावर राहू द्यावे. यंत्र नसेल तर उतरू नये. ११२ किंवा १०१ वर कळवावे आणि मदत येईपर्यंत आत हवा सोडीत राहावे.

आधारासाठी जिवंत, जाड बुंध्याचे झाड उत्तम. ते नसल्यास ट्रॅक्टर, मात्र गिअरमध्ये, हँडब्रेक लावून, चाकांना दगड देऊन, आणि किल्ली काढून ती काठावरील प्रमुखाच्या खिशात. कठडा, विजेचा खांब, मोटारीचा पाइप व मुरमात ठोकलेली पहार यांवर माणसाचा जीव टांगू नये. दोर दोन असावेत व दोहोंचे आधार वेगळे असावेत. एकावर वजन, दुसरा सैल न पडू देता वेगळ्या माणसाने सोडीत राहावयाचा. दोर कमी ताणाचा, नायलॉनच्या गाभ्यावर विणलेले आवरण असलेला, साधारण ११ मिलिमीटर जाडीचा घ्यावा. दुकानातील निळ्या-पिवळ्या प्लॅस्टिकच्या दोराने जनावर बांधावे. तो सुमारे १६५ अंश सेल्सिअसला वितळतो आणि साधनावर भराभर सरकताना उष्णता झपाट्याने वाढते. जेथे दोर काठावरून वळतो तेथे गोणपाटाच्या घड्या किंवा जाड पाइपचा उभा चिरलेला तुकडा ठेवावा. काळ्या पाषाणाची धार वजनाखालील दोर पाहता पाहता कापते. दोराच्या शेवटच्या टोकाला जाड गाठ मारण्यास विसरू नये. दोर अपुरा पडून टोक साधनातून निसटणे हा नेहमीचा अपघात आहे.

उतरणाऱ्याच्या अंगावर छाती, खांदे व मांड्या सांभाळणारा पूर्ण पट्टा असावा. भारतीय मानक ३५२१ ची खूण पाहून घ्यावा. डोक्यावर हेल्मेट हवेच, कारण वरून सुटलेला सुपारीएवढा खडाही खोलीवर पुरेसा असतो. वजन काठापलीकडे टाकण्यापूर्वी त्याला जमिनीवरच दोरावर बसवून साधन धरते की नाही हे एकदा पाहावे. हे करण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत, तरी लोक नेमके हेच टाळतात.

खाली सोडण्याआधी वर ओढण्याची तयारी पूर्ण झालेली असली पाहिजे. दोन-तीन कप्प्या लावून तिपटीची रचना केल्यास ८० किलोसाठी हिशेबाने २७ किलोची ओढ लागते. घर्षण धरून ती याहून बरीच अधिक भरते, पण दोन माणसे ती सहज ओढतात. कप्प्या नसल्यास निदान पाच-सहा धट्टेकट्टे लोक काठावर हवेत, आणि हुकूम एकाचाच. बेशुद्ध मनुष्य पट्ट्यात निश्चल लटकत राहिल्यास त्याच्या पायांत रक्त साचून थोड्याच वेळात जीव धोक्यात येतो, म्हणून ओढण्यास विलंब करू नये. तो वर येण्यापूर्वीच १०८ ला कळविलेले असावे.

साधने धान्याच्या कोठीत, खतांजवळ किंवा बॅटरीच्या आम्लाजवळ ठेवू नयेत. प्रत्येक दोराची एक वही असावी. तीत खरेदीची तारीख, कोणत्या दिवशी वापरला, कोठे घासला हे लिहावे. ज्या दोरावर मनुष्य जोराने आदळला, ज्याचे आवरण फाटून आतील पांढरा गाभा दिसू लागला, तो त्याच दिवशी कापून त्याची दावी करावीत, म्हणजे पुन्हा कोणी चुकून त्याला विहिरीवर नेणार नाही.