कोन, घड्याळ आणि दहा मैलांची शंका

मुंबईत सागवानी लाकडात बांधलेली ‘सुहैली’ ही छोटी शिडाची नौका 22 एप्रिल 1969 रोजी इंग्लंडच्या फालमथ बंदरात परतली. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यावर होते. अथांग पाण्यात आपण कुठे आहोत, हे त्यांना सेक्स्टंटने सांगितलं.

हे यंत्र मोजतं फक्त कोन, क्षितिज आणि सूर्य किंवा तारा यांच्यामधला. त्याची कमान वर्तुळाच्या सहाव्या हिश्श्याची, 60 अंशांची. पण प्रकाश दोन आरशांवरून येत असल्यामुळे 120 अंशांपर्यंत मोजता येतं. दुर्बिणीला डोळा लावायचा, गडद काचा आड घ्यायच्या आणि भुजा सरकवत आरशातला सूर्य खाली उतरवायचा. मग मनगट हलकेच डावीउजवीकडे कलवायचं. सूर्य झोका घेऊ लागतो. झोक्याच्या तळाशी त्याची खालची कड क्षितिजाला जेमतेम टेकली, की त्याच क्षणी वेळ टिपायची. कोनात एका मिनिटाची चूक म्हणजे एक सागरी मैल. घड्याळ चार सेकंद चुकलं, तर विषुववृत्तावर तेवढाच फरक. शिवाय वक्रीभवनाची दुरुस्ती, डोळ्याच्या उंचीची दुरुस्ती: 9 मीटर उंचीवरून पाहिलं, तर क्षितिज पाच मिनिटांहून थोडं जास्तच खाली दिसतं.

1916 च्या एप्रिलमध्ये शॅकल्टन यांच्या अंटार्क्टिक मोहिमेतले कप्तान फ्रँक वॉर्स्ली यांना हे सगळं जेमतेम सात मीटरच्या ‘जेम्स केअर्ड’ होडीत करायचं होतं. एलिफंट बेटापासून साउथ जॉर्जिया सुमारे 800 मैल. मोहिमेच्या 24 क्रोनोमीटरपैकी, म्हणजे अचूक सागरी घड्याळांपैकी, एकच धड चालत होता, नाविक पंचांगाची पानं भिजून चिकटलेली. सूर्य क्वचितच दिसे. दिसला, की वॉर्स्ली डोलकाठीला बिलगत आणि होडी लाटेच्या माथ्यावर चढताच कोन घेत. पुऱ्या प्रवासात अशी संधी मोजकीच मिळाली.

किनारा जवळ आल्यावर त्यांनी शॅकल्टन यांना सांगून टाकलं, की दहा मैलांच्या आत जागेची खात्री देता येणार नाही. मला वॉर्स्ली यांचं खरं कसब इथे दिसतं. सहा जणांचा जीव आकड्यावर टांगलेला असताना, तो आकडा कितपत भरवशाचा आहे हेही त्यांनी लपवलं नाही. बेट हुकलं असतं, तर पश्चिमेच्या वाऱ्याविरुद्ध परत येणं अशक्य होतं. म्हणून देवमासे पकडणाऱ्यांची वस्ती पलीकडच्या बाजूला असूनही त्यांनी निर्जन नैर्ऋत्य किनारा धरला. 10 मे रोजी होडी किंग हाकोन उपसागरात लागली. वस्ती गाठायला शॅकल्टन, वॉर्स्ली आणि टॉम क्रीन यांना मग बेटावरचे बर्फाळ डोंगर पायी ओलांडावे लागले.