टाकी उपसायची, माणूस उतरवायचा नाही

घर बघायला गेलेली माणसं नळ सोडून पाण्याचा जोर बघतात, खिडकीतून वारा येतो का बघतात, देवघराची दिशा विचारतात. संडासची टाकी कुठे आहे आणि शेवटची कधी उपसली, हे कुणी विचारत नाही. मी विचारतो. यजमानांची हरकत नसेल तर झाकण उघडायला लावून आतही बघतो. कित्येक वर्षांचं हे वेड आहे, आणि नावड्याने ते वाढवलं.

एका अंगाला तळोजा औद्योगिक वसाहत, दुसरीकडे सिडकोचे सेक्टर, जवळून जाणारा दिवा-पनवेल लोहमार्ग, असं हे पनवेल तालुक्यातलं गाव. 1 ऑक्टोबर 2016 रोजी पनवेल महानगरपालिका झाली आणि इथली गावं कागदोपत्री शहरात आली. पण या पट्ट्यातल्या गावठाणांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कौलारू घराच्या जागी तीन मजले चढतात, भाडेकरू येतात, टाकी मात्र आजोबांच्या वेळचीच राहते.

इतिहास थोडक्यात सांगतो. फ्रान्समध्ये लुई मूरास याने 1881 मध्ये बंद टाकीचं पेटंट घेतलं, 1895 च्या सुमारास इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉनने तिला आजचं रूप दिलं. आपल्याकडे मोजमापं भारतीय मानक 2470 मध्ये आहेत. पाच माणसांच्या घराला साधारण दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि मीटरभर खोल पाण्याची टाकी.

आता मला खरं सांगायचंय ते. ही टाकी म्हणजे मैला साठवायचं भांडं नव्हे. आत तीन थर असतात. जड गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते, मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी शोषखड्ड्याकडे जातं. हवेशिवाय जगणारे जिवाणू तळाचा गाळ खाऊन कमी करत राहतात. हे सगळं टिकतं एका साध्या वस्तूवर, बाहेर जाणाऱ्या पाईपाच्या तोंडाला लावलेल्या ‘टी’वर. तिची खालची नळी सायीच्या खालपर्यंत बुडलेली असते, म्हणून फक्त मधलं पाणी बाहेर पडतं. ‘टी’ तुटली की साय थेट शोषखड्ड्यात जाते, खड्ड्याभोवतीच्या मातीची छिद्रं बुजतात आणि खड्डा कायमचा निकामी होतो. मग घरमालक म्हणतो, टाकी सारखी भरते. भरलेली तर ती पहिल्या महिन्यापासूनच असते. पाणी पाईपाच्या पातळीला असणं हेच तिचं काम. बिघडलेलं असतं ते पुढे.

नावड्यातल्या एका घरी नेमकं हेच पाहिलं. पहारीने झाकण सरकवलं, ते थोडा वेळ उघडं ठेवून सगळे लांब थांबलो. वरची साय इतकी घट्ट होती की काठीने दाबून फोडावी लागली. लांब बांबूच्या टोकाला जुन्या पंच्याचं पांढरं फडकं गुंडाळून तो तळापर्यंत सोडला, काही मिनिटांनी हळूच वर घेतला. गाळ होता तिथवर फडकं काळंकुट्ट, वर नुसतं मळकट. काळा भाग एकूण खोलीच्या निम्म्याहून जास्त. एक तृतीयांशाला पोचला की उपसायची वेळ झाली, हा माझा ठोकताळा. बाहेरच्या पाईपाला ‘टी’ नव्हतीच. घरातल्या आजींनी विचारलं, “इतक्याशा तुकड्यानं एवढं होतं?” होतं. सक्शनच्या गाडीने गाळ ओढल्यावर त्यांच्या मुलाने प्लंबरकडून नवी ‘टी’ बसवून घेतली. ती बाहेरूनच बसवता येते; आत उतरावं लागत नाही.

टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायची, तीही उन्हाळ्याआधी. भर पावसात नको, कारण तेव्हा जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं. शोषखड्डा पाणी घेत नाही, आणि अशा वेळी पूर्ण रिकामी केलेली हलकी टाकी खालच्या पाण्याच्या दाबाने उचलली जाऊ शकते. पिण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा निदान 18 मीटर लांब हवा. हवेच्या पाईपाला डासांची जाळी हवी. ॲसिड, फिनेल मनसोक्त ओतू नका. त्याने जिवाणू मरतात.

काम कुणाला द्यायचं, इथे मी कुणाचीही भीड ठेवत नाही. सक्शनची गाडीच बोलवा. “गाडीला खर्च येतो, दोन माणसं उतरवून करून देतो” असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. तो हवेपेक्षा जड, आणि प्रमाण वाढलं की नाकाला वासच कळेनासा होतो. पहिला माणूस कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑक्टोबर 2023 रोजी अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. पण कुठल्याही घरातला कर्ता माणूस आकड्याने परत येत नाही. गाडीवाल्याला आणखी एक विचारा: हे ओतणार कुठे? उत्तर नाला किंवा खाडी असेल, तर आपण आपली घाण फक्त दुसऱ्याच्या दारात नेली.

हे नीट होऊ शकतं, हे सातारा जिल्ह्यातल्या वाईने दाखवलंय. तिथे 2018 पासून नगरपरिषद शहराचे भाग पाडून दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी ठरल्या वेळी उपसते. गाडी बोलवावी लागत नाही, खर्च स्वच्छता करातून भागतो, आणि गाळ रोज 70 हजार लिटर क्षमतेच्या प्रक्रिया केंद्रात जातो. देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांनी तर आयुष्यच या कामाला दिलं. संडासाला बायोगॅस जोडून मैल्यावर चूल पेटवून दाखवली. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. वाईसारखी छोटी नगरपरिषद करू शकते ते पनवेल महानगरपालिकेलाही जमायला हवं, आणि ते मागायला आपणच गेलं पाहिजे.

तोवर आपल्या हातात आहे तेवढं करू. या दिवाळीच्या साफसफाईत टाकीचं झाकण कुठे आहे ते शोधा, त्यावर बांधलेली फरशी किंवा ठेवलेल्या कुंड्या काढा, आणि शेवटच्या उपशाची तारीख मीटरच्या पेटीच्या दारावर आतून लिहून ठेवा. तारीख आठवत नसेल, तर फेब्रुवारीची गाडी आत्ताच ठरवा.