अनुदान कोणाच्या हातात द्यायचं?

'मुक्त बाजार' हा शब्द उच्चारला की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक जण म्हणतो, आता गरिबाची शाळा बंद पडणार. दुसरा म्हणतो, आता सरकारचा पैसा वाचणार. दोघेही एकच गोष्ट गृहीत धरून चालतात, ती अशी की सरकारने खर्चातून अंग काढून घेतलं म्हणजे बाजार मुक्त झाला. आज आपण हे गृहीतकच तपासून पाहू. त्यासाठी लांब जायला नको. महाराष्ट्रात आणि आपल्या मराठवाड्यात हा अनुभव घेऊन झालेला आहे.

आधी मूळ प्रश्न. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यात त्यांचा मुद्दा साधा होता. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून, आणि त्यातला शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. पण म्हणून सरकारने शिक्षणातून बाहेर पडावं, असं फुले म्हणाले नाहीत; उलट त्याला त्यांनी विरोध केला. पैसा कोणाकडून येतो आणि पोचतो कोणापर्यंत, हा त्यांचा प्रश्न. सरकारी खर्चाची कोणतीही सुधारणा तपासायची तर सुरुवात इथूनच करावी लागते.

आता आपल्या राज्यात काय झालं ते बघू. १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने खासगी संस्थांना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयं काढायला परवानगी दिली. जागा वाढल्या, आपल्याकडची मुलं परप्रांतात जायची ती इथे शिकू लागली, हा फायदा मान्यच करायला हवा. पण परवानगी कोणाला, किती जागांची, हे सरकारच ठरवत होतं. मागणी मोठी, परवाने मोजके. मग परवान्यालाच किंमत आली. चारच वर्षांत, १९८७ साली, कॅपिटेशन फी रोखण्यासाठी सरकारला कायदा करावा लागला. याला आपण मुक्त बाजार म्हणायचं का? बाजारात नवा दुकानदार परवान्यासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवत नाही.

दुसरी पायरी शाळांची. साधारण २००१ पासून नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' या अटीवर मान्यता मिळू लागली. कागदावर अर्थ स्वच्छ होता : शाळा काढा, अनुदान मागू नका. पण ज्या गावात पालक ऊसतोडीला जातात, तिथे मराठी माध्यमाची शाळा फीवर चालणार कशी? संस्थाचालकांनी आज ना उद्या अनुदान मिळेल या आशेवर शाळा काढल्या, आणि शिक्षकांनी त्याच आशेवर वर्षानुवर्षं बिनपगारी किंवा तुटपुंज्या मानधनावर शिकवलं. २००९ साली 'कायम' हा शब्द वगळला गेला. पुढे २० टक्के, ४० टक्के असं टप्प्याटप्प्याने अनुदान सुरू झालं. ऑक्टोबर २०१६ मध्ये मंत्रिमंडळाची बैठक आपल्या शहरात झाली, तेव्हा याच शिक्षकांच्या मोर्चावर लाठीमार झाला. अभ्यासक्रम सरकारचा, मान्यता सरकारची, तपासणी सरकारची. फक्त पगार तेवढा बाजारावर सोडलेला. सरकारची जबाबदारी गेली आणि अधिकार मात्र राहिला.

अनुदानित शाळेत याच्या उलट घोटाळा. तिथे पगार सरकार देतं आणि नेमणूक संस्था करते. ज्याचा पैसा त्याला निवड नाही, आणि ज्याची निवड त्याच्या खिशाला झळ नाही. नोकरीसाठी 'देणगी' द्यावी लागते ही तक्रार याच फटीतून जन्मली. २०१७ पासून आलेलं 'पवित्र' पोर्टल ही फट बुजवण्याचा प्रयत्न आहे.

आता उद्योगांकडे वळू. शिक्षकाला 'कायम विनाअनुदानित' म्हणणाऱ्या राज्याने एकाही उद्योगाला तसं म्हटलेलं नाही. मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर कारखाने जावेत म्हणून १९६४ साली सामूहिक प्रोत्साहन योजना आली. हेतू चांगला होता, आणि आपल्यासारख्या मागास भागाला त्याची गरजही होती. पण ती योजना नाव तेच ठेवून पुन्हा पुन्हा नव्याने येत राहिली. २००७, २०१३, २०१९. आता तिचं मुख्य रूप असं : कारखान्याने भरलेल्या राज्याच्या वस्तू व सेवा करातला वाटा ठरावीक वर्षं त्याला परत मिळतो. अतिविशाल प्रकल्प असेल तर सवलतीचं पॅकेज स्वतंत्रपणे ठरतं. चिकलठाण्याच्या शेडमध्ये चार कामगारांवर लेथ चालवणारा उद्योजक त्या चर्चेत नसतो.

१९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुट्या भागांचे शेकडो लघुउद्योग उभे राहिले. हे शहर त्यावर वाढलं. पण त्यातलं किती सवलतीमुळे झालं आणि किती जमीन, वीज, रस्ता आणि जायकवाडीचं पाणी यांमुळे, हे वेगळं काढून दाखवणं कठीण आहे. एवढं मात्र नक्की, की रस्ता आणि पाणी सगळ्यांच्या उपयोगी पडतं. करपरतावा एकाच्याच खात्यात जातो. शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिकबद्दल बोलतानाही हा फरक लक्षात ठेवावा. पायाभूत सोय हे सरकारचं काम आहे. निवडक कंपनीला रक्कम देणं हा पक्षपात ठरू शकतो.

मग खरी सुधारणा कोणती? जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ सालीच म्हटलं होतं की शिक्षण सक्तीचं करावं, गरिबाची फी सरकारने भरावी, पण सगळ्या शाळा सरकारनेच चालवायला हव्यात असं नाही. १९५५ साली मिल्टन फ्रीडमनने त्यातूनच व्हाउचरची कल्पना मांडली : पैसा संस्थेला न देता मुलाच्या मागे जाऊ द्या. आपल्या शिक्षण हक्क कायद्यातली २५ टक्के जागांची तरतूद याच जातीची आहे. मूल दुर्बल घटकातलं, शाळा खासगी, आणि खर्चाची प्रतिपूर्ती सरकारकडून. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला ही अट नाही. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. मुक्त बाजाराच्या निकषावरही तो चुकीचाच होता, कारण त्याने निवड काढून घेतली ती नेमकी गरीब पालकाची.

आता एक आक्षेप राहतो, आणि तो वजनदार आहे. सोयगाव तालुक्यातल्या छोट्या वस्तीवर एकच शाळा असेल तर तिथे निवड कसली? बरोबर. जिथे दुसरं दार नाही तिथे बाजार नसतो. तिथे जिल्हा परिषदेची शाळा राहिलीच पाहिजे आणि चांगली राहिली पाहिजे. पटसंख्या कमी म्हणून ती बंद करणं ही सुधारणा नव्हे.

तेव्हा कोणतंही अनुदान दिसलं की तीन प्रश्न विचारावेत. हा पैसा माणसाला मिळतो की त्याच्या नावाने दुसऱ्याला? सेवा वाईट निघाली तर त्या माणसाला दुसरीकडे जाता येतं का? आणि ही मदत संपणार कधी, हे आधीच लिहिलेलं आहे का? शाळेला जो नियम लावाल तोच कारखान्याला लावा. शरद जोशी सवलतींपेक्षा घामाचं दाम मागत होते, ते याच न्यायाने. मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प मांडला जातो. या वर्षी तो वाचताना हे तीन प्रश्न जवळ ठेवा, आणि आपल्या आमदारालाही विचारा.