दोन चीक आणि एक वाडगा
लेखांक 7 : मोहिंगा

गेल्या लेखांकात खाउसुए झालं. नारळाच्या दुधातलं, मुंबईकडच्या लग्नांत काउंटर लावून वाढतात ते. पण रंगूनच्या माणसाला भल्या सकाळी कोपऱ्यावरच्या बाईच्या पातेल्यातून जे हवं असतं, ते खाउसुए नव्हे. ते मोहिंगा. माशाचा दाट रस्सा, त्यात तांदळाच्या मऊ शेवया, वर कुस्करलेला डाळीचा कुरकुरीत वडा आणि पिळलेलं लिंबू. नारळाचा पत्ता नाही.

हा पदार्थ मराठी मुलखात यायला तसा वाव होता. 1885 साली इंग्रजांनी पदच्युत केलेला राजा थिबा तीस वर्षं रत्नागिरीत राहिला आणि 1916 साली तिथेच वारला. उलट बाजूने टिळक 1908 ते 1914 मंडालेच्या तुरुंगात होते. पण राजाचं स्वयंपाकघर गावात काही झिरपलं नाही, आणि टिळकांच्या पानात मासा येण्याचा प्रश्नच नव्हता. 1937 पर्यंत ब्रह्मदेश हिंदुस्थान सरकारच्याच अमलाखाली होता, तरी मोहिंगा तिकडेच राहिला.

असं असूनही तो समजून घ्यायला जळगाव-धुळ्यासारखी दुसरी जागा नाही, असं माझं मत आहे. का, ते शेवयांपासून सांगतो.

खानदेशात आखाजीच्या आगेमागे कुरडया होतात. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, घरभर आंबूस वास सुटतो. मग वाटून, फडक्यातून पिळून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं. आधणात घोटून शिजवलेला गरम चीक सोऱ्यात भरला की गच्चीवर रांगा पडतात. (शिजलेला चीक वाटीत घेऊन वर तेल-तिखट घालून खाणारी मुलं कुरडया करू देत नाहीत, हा वेगळा विषय.)

मोहिंगाच्या शेवयांची रीत हिच्या इतकी जवळची आहे की पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसू आलं. तांदूळ काही दिवस भिजवून आंबवतात, वाटतात, कापडात बांधून वर वजन ठेवून पाणी काढतात. उरलेल्या पिठाचा गोळा उकळत्या पाण्यात अर्धवट शिजवतात, म्हणजे वरून शिजलेला, आतून कच्चा. मग तो कुटून, मळून, सैल करून भोकाच्या साच्यातून थेट उकळत्या पाण्यात पाडतात. लगेच गार पाण्यात धुऊन त्यांच्या लडी करून ठेवतात.

यात एक अडचण दोघींनी सारखीच सोडवली आहे. तांदळात ग्लुटेन नसतं, त्यामुळे कच्च्या पिठाची तार ओढली की तुटते. गव्हात ते असतं, पण कुरडईचा चीक काढताना बरंचसं चोथ्याबरोबर फडक्यातच राहतं. मग तार धरून ठेवायची कशाने? शिजलेल्या स्टार्चने. गरम पाण्यात स्टार्चचे कण फुगून खळीसारखे होतात आणि तीच खळी तार बांधते. आंबवण्याचाही उपयोग चवीपुरता नाही. आंबताना धान्यातली प्रथिनं सुटी होऊन पाण्याबरोबर निघून जातात आणि मागे स्वच्छ स्टार्च उरतो, म्हणून शेवई लवचीक होते. फरक पुढे पडतो. आपल्या वैशाखातलं ऊन कुरडईला कडक करून वर्षभर डब्यात ठेवतं. इरावतीच्या दमट त्रिभुज प्रदेशात ती शेवई ताजीच, त्याच दिवशी संपवायची.

आता दुसरा चीक, म्हणजे केळीचा. शर्टावर पडला की शर्ट वाया.

अस्सल मोहिंगात केळीच्या खोडाचा गाभा लागतो. आपण ज्याला खोड म्हणतो ते वनस्पतीशास्त्राच्या हिशेबाने खोड नाहीच. पानांचे रुंद तळ एकावर एक गुंडाळून झालेला तो खांब आहे. खरं खोड जमिनीत, कंदाच्या रूपात असतं. झाड निसवायची वेळ आली की या कंदातून एक पांढरा दांडा पोकळीतून वर चढतो आणि शेंड्यावर केळफूल घेऊन बाहेर येतो. खायचा तो हा दांडा. बंगाली त्याला थोड म्हणतात, तमिळ घरांत त्याची भाजी नेहमीची. आणि रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा या पट्ट्यात, जिथल्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिथे तो बांधावर कुजतो. एका झाडाला एकदाच घड. घड कापला की झाड आडवं, आणि पीलबाग धरायची तर शेजारचं पील वाढवायचं. एवढी खोडं उरतात, पण त्यातला गाभा कोणाच्या कढईत गेलेला मी पाहिलेला नाही.

एक मात्र खरं. घड उतरलेल्या झाडाचा दांडा जून, दोऱ्यांनी भरलेला असतो. मोहिंगाला कोवळा हवा. मे-जूनच्या वादळात निसवण्याआधीच झोपलेल्या बागेत तो सापडतो. अशाच एका पडक्या बागेतून मी हातभर गाभा आणला. शेतमालकाने तोंडावर काही म्हटलं नाही, पण बघितलं असं की ढोरांनाही आम्ही हे घालत नाही. चकत्या करताना कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे निघतात, ते बोटावर गुंडाळत काढायचे. चकत्या लगेच ताकाच्या पाण्यात टाकायच्या, नाहीतर हवा लागून काळ्या पडतात. शिजल्यावरही त्या थोड्या करकरीत राहतात, त्यासाठीच तर घालायच्या.

मासा तिकडे बहुधा मिशांचा, मागूरच्या कुळातला. (बाजारात परदेशी मांगूर कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. त्याच्या पालनावर आपल्या देशात बंदी आहे.) हळद आणि गवती चहा घालून मासा उकडायचा, काटे काढायचे, पाणी ठेवून द्यायचं. कांदा, लसूण, आलं, सुकी मिरची यांच्या वाटणावर मांस परतायचं आणि ते पाणी ओतायचं. दाटपणासाठी भाजलेल्या तांदळाचं पीठ किंवा बेसन. पिठलं घोटणाऱ्याला इथे शिकवायला नको. परका वाटेल तो मासे आंबवून काढलेला खारट रस. त्याला आपल्याकडे जोड नाही, आणि त्याच्याशिवाय चव अर्धीच.

मी घरी केला तेव्हा तांदळाच्या शेवया मिळाल्या नाहीत. भिजवून उकडलेल्या कुरडया घातल्या, गिरणेचा मासा घातला, वर दुधी भोपळ्याची भजी ठेवली, जशी तिकडेही ठेवतात. मावशीने दोन घास खाल्ले. रस्सा तिला आवडला. मग कुरडया वाडग्याच्या कडेला सारल्या, कळण्याची भाकरी मागवली आणि त्या रश्शात चुरली.